माग

"शिकारीसाठी हवेत," म्हणाले,
आणि मी पेन खाली ठेवलं.

रास्ता पेठेत, केईएमच्या मागच्या गल्लीत
माझ्याकडे येतात मधुमेहाचे पाय,
टाच धरलेल्या शिक्षिका, सपाट तळव्यांची पोरं,
एकदा कथकवाली एक आली होती, तिला घुंगरांसकट मोजलं.
फॉर्मवर 'वापर कशासाठी' ह्यापुढे
घर, नोकरी, खेळ, इतर.

"आजोबा, शिकार बंद होऊन..."
"बहात्तर साली. मला सांगतेस?"

हैबतराव दरेकर, वय एक्क्याऐंशी.
बँकेच्या पिशवीतून त्यांनी जुने बूट काढले,
सेंटर स्ट्रीटवर शिवलेले, शिवणारा वारला,
उजव्याची जीभ उंदरांनी नेलेली.
"बाहेरून असेच. आतून तुमचं ते आजकालचं.
आणि वाजायला नको."

दाराशी दुसरे म्हातारे बसले होते,
चपला बाहेर काढून, उंबऱ्याकडे तोंड करून.
"हा सुरमल. माग काढायचा माझा."
सुरमलनं मान हलवली,
जणू ते काम अजून चालूच आहे.

निळ्या फोमचा डबा पुढे सरकवला.
उभं नाही राहायचं, बसूनच,
मी गुडघ्यावर तळहात ठेवून दाबते.
फोम करकरतो, शिळ्या खारीसारखा.
पाय उचलला. मला दिसलं ते नेहमीचं:
कमान बसलेली, डावी टाच बाहेरून झिजलेली,
अंगठ्याखाली भार. पाच मिलिमीटरची उचल द्यावी लागेल.

सुरमल उठून आले.
डब्याला हात लावला नाही.
"दिवा घालव," म्हणाले.

ट्यूब बंद केली.
खिडकीतून उजेड आडवा आला
आणि त्या ठशाला एकदम काठ फुटले,
दरी, कडा, एक बारीक वळ,
बारा वर्षांत मी पाहिला नव्हता असला.

"नर. म्हातारा. एकटाच फिरतो.
डावीकडं ओढतो, पर सांगत न्हाई कुणाला.
लांब न्हाई जायचा.
पान्यावर बसा, आपोआप यील."
हैबतराव हसले.
मग बराच वेळ पायमोजा घालत राहिले.

बोलले ते बूट बांधताना, माझ्याकडे न बघता.
एकाहत्तरचा पौष, सुप्याचा माळ.
चिंकाऱ्याला गोळी लागली, पण मागे लागली.
रक्त होतं एका बाभळीपर्यंत, मग ओढ्याच्या अलीकडे नाही.
अंधार पडला. जीपमध्ये पाहुणे होते,
त्यांना पुण्यात जेवायला यायचं होतं.
"जखमी सोडून यायचं नसतं.
एवढा एकच नियम होता आमचा, बाई."

बंदूक केव्हाच गेली. बाभूळ आहे म्हणे,
सुरमलचा नातू बघून आलाय.
तिथून ओढ्यापलीकडे, सुरमलच्या अंदाजानं, दीड कोस.
तेवढं चालायचं राहिलंय.

"काय मिळणार तिथे आता?" मी विचारायला नको होतं.
"काय न्हाई," सुरमल म्हणाले. "पर जायाचं असतं."

सोल साडेचार हजार, बूट वेगळे,
अठरा दिवस लागतील.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
"तवर गवत कापून नेत्याल."
बरं, बारा.
"तुमचाही घेऊ का पाय?" सुरमलना म्हटलं,
"पैसे नकोत."
"नगं. जोड्यात कान बसत्यात माझं."

गेले. रिक्षावाल्याशी घासाघीस करतानाचा
हैबतरावांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

फॉर्मवर 'इतर' वर खूण केली,
पुढची जागा तशीच सोडली.

रात्री शटर ओढण्याआधी
नवीन डबा घेतला, दोनशे रुपयांचा, हिशेबात न धरता.
ट्यूब घालवली.
समोरच्या मेडिकलच्या पाटीचा हिरवा उजेड आडवा येत होता.
पाय ठेवला, उचलला, खाली वाकून पाहिलं.
खूप वेळ पाहिलं.

पाच नंबर.
याहून जास्त काही वाचता आलं नाही.