मानशीचा तह

इनास फुर्ताद सव्वीस वर्षं नॉर्वेच्या बोटींवर होता.
दिवाडीला परतताना त्याने एक लोकरी टोपी आणली,
जी इथे कुणालाच घालता आली नाही,
आणि राजे आणले.

शेवटच्या फेरीआधी तो बांधावर गळ टाकून बसतो.
माझा गुडघा चढण मागत नाही, म्हणून मीही.
सांगतो, तिकडे किनाऱ्यावरच्या दर परगण्याने
राजाला एक जहाज द्यायचं,
वल्ह्यांपुरती माणसं, पीठ, लोणी.
शत्रू दिसला की डोंगरावर जाळ,
तो पाहून पुढच्या डोंगरावर जाळ.
"तुमचो फोन तरी इतको धांवता, मास्तरीण?"

कायदा म्हणे आधी कागदावर नव्हता,
एका माणसाच्या डोक्यात होता.
उघड्या माळावर उभा राहून तो म्हणायचा,
गाव ऐकायचं, चुकला तर टोकायचं.
अंगठा तोडला तर इतकी चांदी,
करंगळीला कमी.
मी विचारलं, जिभेला?
इनासने गळ वर ओढला. आमिष गेलेलं.
"विसरलों," म्हणाला.

बोंदेरांच्या दिवशी पोरं फोटाश उडवत होती,
ह्या वाड्याचं निशाण त्या वाड्यावर धावून जात होतं,
तेव्हा त्याने तीन राजांची गोष्ट काढली.
नदीच्या मुखाशी भेटले. गावं जाळून तिघेही थकलेले.
आजोबांच्या वेळची सीमा होती, तीच पुन्हा ठरली,
एवढ्यासाठी एवढी माणसं मेली होती.
मग एकाने आपली मुलगी दुसऱ्याला दिली.

"तिचं नाव?"
राजा उघड्या पायांनी हिंडायचा म्हणून पडलेलं
त्याचं टोपणनाव इनासला पाठ.
"तिला शांततेची मुलगी म्हणत. नाव कप्तान सांगायचो.
राहिलं ना."

मी मालारची.
भाद्रपदात नावेलीच्या माणसांनी रातोरात मानस उघडली,
खारं पाणी आमच्या खाजनात शिरलं,
खार सोसणारा कोरगूटसुद्धा काळा पडला.
काकाच्या डोक्यात कोयता. त्यांच्या दोघांचे हात.
पौष सरल्यावर मोठी माणसं बसली,
आणि माघात नावेलीच्या घरात
परातभर तांदळात अंगठीने माझं नाव लिहिलं गेलं:
शांता.

कोमुनिदादच्या वहीत तो तह आहे.
पुढे कारकुनाने पोर्तुगीजमधून वाचून दाखवला.
अमावास्येच्या ओहोटीला दार उघडावे.
माशांच्या पावणीची रक्कम निम्मी निम्मी.
बांधाची डागडुजी दोघांनी.
सही, सही, अंगठा, अंगठा.
मी दोनदा वाचायला लावलं.

तह टिकला, खोटं कशाला बोलू.
नवरा कधी आवाज चढवून बोलला नाही.
फक्त मानशीवरून जाताना नेहमी पुढे चालायचा,
मी कुठे बघते आहे ते दिसू नये म्हणून.
आता मानशीची फळी कुजली आहे.
खाजनात तिवरं माजली, मुलं दुबईला आणि लिस्बनला.
भांडायला कुणी उरलं नाही.

"त्यांचा तह किती टिकला?"
"दोन वर्सां. राजा परक्या बेटावर मेलो."
"आणि ती?"
इनास बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
"डेन्मार्कच्या राजाकडे दिली मागीर.
पण थंय राज्य तीच चालयताली, म्हणत.
नाण्यावर दोघांचीं नांवां. तिचें पयलीं."
मग एकदम, गळाला ओढ लागल्यासारखा:
"मार्गरेता!"

फेरीबोटीने भोंगा दिला.
इतकी वर्षं हा मला मास्तरीणच म्हणतो.
मी त्याला माझं मालारचं नाव सांगितलं.
तो म्हणाला, "मालसा."
म्हाळसा, मी म्हटलं.
ह जिभेवर नसतो, छातीतून काढावा लागतो.
पुन्हा म्हण.