ॲव्हरेज

पेट्रोलने शंभरी गाठली
तेव्हा धायरी फाट्याच्या पंपावर कुणी हारबीर घातला नाही.
पोऱ्या नेहमीसारखा म्हणाला, झिरो बघा मॅडम.
मी झिरो बघितला.
मग त्याच्यापुढचं सगळं बघत राहिले.

त्या सोमवारपासून स्टोअरमधल्या शमीम तांबोळी
माझ्या मागे बसायला लागल्या.
धायरी ते भोसरी, पेट्रोल निम्मं निम्मं.
हिशेब मी ठेवायचा, कारण मी अकाउंट्समधली;
हवा त्यांनी बघायची, कारण त्यांचे अब्बा
नाना पेठेत पंक्चर काढायचे
आणि टायरवर अंगठा दाबून सांगायचे, किती पौंड.

आधी डिकी रिकामी केली.
दोन रेनकोट, एक फुटका आरसा,
कुणाच्या तरी वास्तुशांतीचा नारळ,
पान्ह्यांची पिशवी (ती मात्र परत ठेवली).
शमीम म्हणाल्या, सगळ्यात जड तर मीच आहे,
बासष्ट किलो. मलाही काढा.
आम्ही इतक्या हसलो की भाजीवाला बघायला लागला.

हायवेने लांब पडतं पण सिग्नल नाहीत,
शहरातून जवळ, पण दर चौकाला ब्रेक.
दोन्हीकडून आठवडा आठवडा जाऊन पाहिलं.
वहीत हायवे जिंकला, सव्वीस रुपयांनी.
तरी आम्ही शहरातूनच जात राहिलो.
का, त्याला वहीत रकाना नव्हता.

चालत्या गाडीवर वारा निम्मे शब्द खातो.
मागून येतं ते नुसतं, "...म्हणून मग मीपण सांगितलं..."
काय सांगितलं ते कळायला
दांडेकर पुलाचा सिग्नल लागायचा.
नव्वद सेकंद. चावी बंद.
तेवढ्यात सासूबाईंचा मोतीबिंदू,
मुलाचा आयटीआयचा फॉर्म,
पाचाचा आकडा आला की चावी चालू,
उरलेलं हॅरिस पुलावर.

एकदा मी माझ्या नवऱ्याच्या न बोलण्याबद्दल बोलत होते.
पाच आले, शून्य आलं, हिरवा झाला,
मागे हॉर्नचा नुसता कल्ला.
शमीम म्हणाल्या, "बोला तुम्ही. होऊ दे त्यांचं."

असं अख्खं आयुष्य एकमेकींना सांगितलं
नव्वद-नव्वद सेकंदांच्या हप्त्यांनी,
आणि त्यांचा चेहरा मी फारसा पाहिलेलाच नाही.
ओळखते ती ब्रेक मारल्यावर
हेल्मेटला हेल्मेट लागल्याची टक्,
आणि लगेच, "सॉरी हां, कुंभोजकर मॅडम."

महिन्याला चौदाशे वाचायचे.
कुठे गेले विचाराल, तर गॅस, फी, दूध.
वाचलेला पैसा परत कधी तोंड दाखवत नाही.

दिवाळीनंतर त्यांना वडगावात काम मिळालं,
घरापासून पायी दहा मिनिटं.
मी म्हणाले, सुटलात, आता पेट्रोलच नको.
शेवटचे सदतीस रुपये त्यांनी सुट्टे आणून दिले.
मी घेतले. हिशेब आहे.

आता गाडी हलकी पळते.
नाशिक फाट्याचा पूल न धापता चढते.
त्रेचाळीस होतं, सत्तेचाळीस लागलं.
बासष्ट किलो काढल्यावर लागणारच.
आकडा लिहिला, खाली रेघ मारली.
कुणाला तरी दाखवावं असं ॲव्हरेज.

परवा पेट्रोल पुन्हा चाळीस पैशांनी चढलं.
हायवेने जायला हवं, कळतं मला.
दांडेकर पुलाला थांबले. नव्वद.
आजूबाजूच्या शहाण्या गाड्या एकेक करून गप्प झाल्या.
मी चावीला हात लावला नाही.
बंद केली असती
तर मागची सीट ऐकू आली असती.

गेले असतील चार थेंब.
ते वहीत धरलेले नाहीत.