लाकेरी

हेर्वान्तातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात
कपडे धुवायची एक खोली आहे.
दारावर तक्ता, तक्त्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल.
शेजाऱ्यांशी माझी ओळख तेवढीच:
बुधवार, सात ते आठ, रूस्कानेन.
बुधवार, आठ ते नऊ, मी.

आठाला पाच कमी असताना तो टोपली घेऊन निघायचा,
मी जिन्यात अंग चोरून उभी राहायचे.
"मोइ."
"मोइ."
आई फोनवर विचारायची, बोलायला कुणी आहे का गं तिथे?
म्हटलं, आहेत एक आजोबा.
बोलत नाहीत. पण आहेत.

नोव्हेंबरात ड्रायर ओरडायला लागला.
आधी कण्हल्यासारखा,
मग जात्यात खडा आल्यासारखा.
तक्त्याखाली कुणीतरी चिठ्ठी डकवली,
दुसऱ्यानं तिच्यापुढे नुसतंच उद्गारचिन्ह काढलं.
चिदुबेम म्हणाला, आपण मेकॅनिकलवाले ना? चल.
बेअरिंगचं आयुष्य काढायचं सूत्र दोघांनाही तोंडपाठ:
क्षमता भागिले भार, त्याचा घन,
उत्तर दशलक्ष फेऱ्यांत.
पाना मात्र दोघांकडेही नव्हता.

तेव्हा रूस्कानेन आला, लोकरी मोज्यांवर सपाता घालून,
हातात वीतभर नव्हे, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर.
त्याचं टोक त्यानं यंत्राच्या पाठीला टेकवलं,
मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
अडतीस वर्षं कागदगिरणीत, हे मला नंतर कळलं.
मग मूठ माझ्याकडे दिली.
"कूलेत्को?"
येत होतं ऐकू.
पोलादातून, हाडातून, थेट दाढेत
एक कचकच, बारीक, न थांबणारी.
पुस्तकात त्या प्रकरणाला चाळीस पानं आहेत
आणि एकालाही आवाज नाही.

"लाकेरी," तो म्हणाला. परत एकदा, "लाकेरी."
मी तळहातावर देवनागरीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात
तळहात बघत बघत मागितलं.
मुलीनं क्षणभर विचार केला,
मला मसाल्यांच्या फळीपाशी नेलं
आणि हातात पुडी ठेवली.
तमालपत्र.
नाही कसं म्हणायचं ते अजून शिकवलं नव्हतं वर्गात,
कीतोस तेवढं शिकवलं होतं.
कीतोस म्हटलं, पैसे दिले.

पुडी पाहून रूस्कानेनच्या मिशीचं एक टोक हललं.
मग दुसरं.
मग तो पालथ्या बादलीवर बसला आणि इतका हसला
की चिदुबेम वरून धावत आला, काय झालं म्हणून.
शब्द एकच, म्हणे, दोघांनाही.
तो पानाला, तोच बेअरिंगला.
डोळे पुसून त्यानं खिशातून जुनं बेअरिंग काढलं,
पँटीला घासलं, कडेवरचे आकडे दाखवले.
"कूसी, काक्सी, नोल्ला, कोल्मे."
मी नकळत मराठीत वाचले: सहा, दोन, शून्य, तीन.
"शुन्या," तो म्हणाला. त्याला तेवढंच आवडलं.

नवं बेअरिंग त्यानंच आणलं.
बसवायला तिघं लागलो, शिव्या तीन भाषांत.

डिसेंबरात मी मसालेभात केला.
माझ्याकडे खुर्ची एकच, हे त्याला कसं ठाऊक कोण जाणे,
तो आपली खुर्ची घेऊन आला,
दुसऱ्या हातात मटणाचं पातेलं.
त्याच्या पातेल्यातही पान, माझ्याही.
त्यानं दोन्ही काढली, ताटाच्या कडेला शेजारी ठेवली,
बोटानं दाखवली. बोलला नाही.
असं नाही की मग आम्ही खूप बोलायला लागलो.
"मोइ."
"मोइ."

परीक्षेच्या आठवड्यात तक्त्यावर नाव घालायचं राहूनच गेलं.
बुधवारी रात्री आठाला आठवलं, धावत खाली गेले.
आठ ते नऊच्या चौकटीत पेन्सिलीनं,
गिरणीतल्या नोंदवहीसारख्या उभ्या अक्षरांत:
रुन्मायी.
मृ त्याला जमत नाही.
ड्रायर रिकामा होता, दार उघडं,
आत हात घातला तर अजून गरम.
टोपली आणायला मी परत वर पळाले.