दीड इंचाचा रकाना

अर्जावर 'कौशल्ये' असा एक रकाना होता,
दीड इंच रुंद.
अंबडच्या कंपनीत, रिसेप्शनच्या सोफ्यावर
मी पेनाचं टोपण चावत बसले होते.
शेजारचा डिप्लोमावाला भराभर लिहीत होता: ऑटोकॅड.
चार अक्षरांत त्याचे सहा महिने मावले.
माझा एक हिवाळा मावेना.

तिदमे साहेबांनी माझी पदवी उलटी करून पाहिली,
मागे काही छापलं असलं तर म्हणून.
"बालशिक्षण आणि बालविकास. म्हणजे
गाणीबिणी? चिमणी-काऊ?"
तेही, म्हटलं.
चिमणी-काऊ सोपं नसतं, साहेब,
समोर चाळीसजण आणि त्यातल्या सातांना ताप असताना.
हे मात्र मनातच म्हटलं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला मोहाडीच्या बागांवर पाठवलं.
डिसेंबर. द्राक्षाचं डिपिंग चालू,
सुरगाण्याच्या, पेठच्या टोळ्या उतरलेल्या,
आया मगात घड बुडवत
ओळीओळीने पुढे सरकायच्या
आणि बांधाला, ताडपत्रीखाली, आमची शाळा.
निकुंभ मॅडमनी एक वही दिली. म्हणाल्या,
आठ दिवस शिकवायचं नाही.
बघायचं. वेळ घालून लिहायचं.
मला रागच आला होता.
फी भरून नुसतं बघत बसायचं?

वही अजून आहे:
नऊ दहा. मथी गावित, वय अंदाजे चार. बोलत नाही.
नऊ चाळीस. निळा मग सोडत नाही.
दहा पाच. सोम्याने मग ओढला. चावली.
दहा सहा. म्हणाली, 'माना'.

माना.
मी तिची मान तपासली,
पुढून, मागून, केस बाजूला करून,
गांधीलमाशी वगैरे चावली असेल म्हणून.
बस चुकलेल्या माणसाकडे बघावं
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी तिची आई पाणी प्यायला आली.
हातांना औषधाचा वास. हसली.
"माना म्हंजे माझा, बाई.
फुटका झाला, मंग तिला दिला."
म्हणजे सकाळपासून ही पोर
मगाचा कान धरून
आईपाशी बसली होती.

तो मग आम्ही राखेने चारदा घासला,
वास जाईपर्यंत.
सोम्याला डब्याचं झाकण दिलं. त्याला ते आवडलं नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडण.
अभ्यासक्रमात याला संघर्ष-निवारण म्हणतात,
चार क्रेडिट.

"आमचा प्रॉब्लेम वेगळाय," तिदमे साहेब म्हणाले,
"नवी पोरं घेतो, मशीन समजावून सांगतो,
कळलं का विचारलं की सगळे माना डोलावतात.
आणि आठवड्यात निम्मा माल रिजेक्ट.
मागच्या महिन्यात एकाचं बोट गेलं."

माना.
मी पेन खाली ठेवलं.
"कुठली पोरं?"
"असतील पेठ, सुरगाणा. काय फरक पडतो?"

बाहेर प्रेसचा आवाज येत होता,
एक ठोका, थांबा, एक ठोका.
निकुंभ मॅडम म्हणायच्या,
उत्तर तोंडाशी आलं की
आधी दहा अंक मोज.
मी सातपर्यंत मोजले.
"एक पाळी मला नुसती बघू द्याल?
काही बोलणार नाही. वही आणलीये."

त्यांनी वहीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.
पदवी सरळ करून फाइलमध्ये ठेवली.
"दोनला पाळी बदलते.
आत सेफ्टी शूज लागतात. नंबर?"

पाच, म्हटलं,
आणि मग आठवलं,
मोजे घातले नव्हते.