तसंच

ठाकूरद्वारला, गोठ्यामागच्या छापखान्यात
मी कोशाची मुद्रितं तपासायचो, ओळीला सात पैसे.
ए ते ओ संपायला तीन वर्षं गेली,
पी सरता सरेना,
क्यूची पानं मात्र दोन दिवसांत आटपली.

खिळे जुळवायला हरेश्वर भोईर, उत्तनचा.
त्याच्याकडे मोठ्या क्यूचे खिळे मोजून चार,
एकाचं शेपूट तुटलेलं.
"शेपूट गेलं का हा ओ होतो बघा," तो म्हणाला,
"गोल. सगळ्यांसारखा. कोणाला कळत नाय."
मी उगाच चष्मा पुसला.

शब्द होता क्वीअर.
देवस्थळीमास्तरांच्या वळणदार अक्षरात त्याचे अर्थ:
विचित्र, चमत्कारिक, तऱ्हेवाईक.
दोन, जिवाला बरं नसलेला, मळमळणारा.
तीन, बाजारबोलीत, खोटं नाणं.
चौथा लिहून खोडलेला,
इतका, की कागद फाटला होता.
मी तो पान दिव्यासमोर धरून वाचू पाहिला.
शाईमागे एक अ दिसला, पुढचं काही नाही.
आणि या सगळ्याच्या आधी, मास्तर म्हणायचे,
बहुधा तो नुसता आडवा होता, तिरका,
कुणाला न दुखवता वाकडा,
आमच्या गल्लीतून चौपाटीला निघालेल्या
त्या बोळासारखा.

चाळीत यासाठी शब्द नव्हता.
"तसला" म्हणायचे.
तसला म्हणजे कसला, हे कुणी विचारत नसे.
विचारणाराही तसला ठरायचा.

पहिल्या मुद्रितात तुटका खिळाच उमटला.
मी समासात खूण केली.
हरेश्वर तो खिळा तळहातावर घेऊन आला,
नखांत शिसं, मानेवर घाम.
"राहू दे काय तसंच?"
गंमतीत विचारलं असेल. असेलही.
"चूक ती चूक," मी म्हणालो.
त्याने मुकाट्याने बदलला.

ब्याऐंशीत छापखान्याला कुलूप लागलं.
एकदा तो सुके बोंबील घेऊन घरी आला होता,
वर्तमानपत्रात बांधून.
आईने दारातच विचारलं, कोण हा?
मी म्हणालो, कामावरचा.

परवा भाचीची इरावती आली,
हातात पुठ्ठा, कोपरापर्यंत जांभळा रंग.
शनिवारी ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघायचंय.
"आजोबा, स्पेलिंग बघा ना."
तोच शब्द. हातभर उंच अक्षरांत,
जणू वाण्याच्या दुकानाची पाटी.
स्पेलिंग बरोबर होतं.
पण क्यूचं शेपूट एवढं लांबलं होतं
की पुढच्या चारही अक्षरांखालून जाऊन
पुठ्ठ्याबाहेर, सतरंजीवर उतरलं होतं.
"जास्त झालं का? खोडू?"

माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला.
शेपटाखाली मी बारीक टिंबं देत गेलो, शेवटपर्यंत.
"हे काय?"
"छापखान्यातली खूण आहे.
खोडायचं नाही, असा अर्थ."
कडेला लिहायचा असतो तो शब्दही लिहिला.
तिने वाचला, मान डोलावली,
आणि सतरंजीबद्दल माफी मागितली.

"तुम्ही येता?"
मी म्हणालो, गुडघे.
गुडघे खरंच दुखतात.

ती गेल्यावर कोश काढला. पान सापडायला वेळ लागला.
एक, दोन, तीन,
आणि तिसऱ्याखाली बोटभर कोरी जागा,
जी तेव्हा मीच पास केली होती.
पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.
अजून काही लिहिलेलं नाही.