खालच्या ओळी

दिवाडीहून रायबंदरला जाणाऱ्या फेरीवर
बाबुसो रोज विचारायचा, केन्ना येता गो आमचें पिक्चर?
मी म्हणायचे, येईल.
साखळी ओढता ओढता तो मान हलवायचा,
जणू पिक्चर म्हणजे पलीकडच्या धक्क्यावरून सुटलेली दुसरी फेरी,
धुक्यात दिसत नाही, पण इंजिन ऐकू येतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी इथे नऊ दिवस शूटिंग केलं.
फेरीला निळा रंग दिला, मग हिरवा,
मग पैसे देऊन पुन्हा होता तसा गंज.
बाबुसोला मिळाला कोणा दुसऱ्याच्या मापाचा शर्ट,
अडीच हजार रुपये आणि एक वाक्य.
वाक्य त्याचंच होतं, त्यांनी फक्त कागदावर लिहून परत दिलं:
फाटीं सर, पांय भिजतले.
अकरा टेक झाले. अकराही वेळा नायिकेचे पाय भिजले.

माझं काम खालच्या ओळींचं.
एका ओळीत बेचाळीस अक्षरं, दोनपेक्षा जास्त ओळी नाहीत,
माणूस कितीही रडत असला तरी.
मे महिन्यात, पंखा तीनवर ठेवून,
मी ते आख्खं पिक्चर मराठीत उतरवलं.
पडद्यावर आडवं माझंच नाव, पाण्याच्या डागासारखं:
चोरी झालीच तर चोर आधीच ठरलेला.
एक तास बारा मिनिटं सात सेकंदांवर बाबुसो येतो.
दहाव्या सेकंदाला जातो.
त्या तीन सेकंदांवर मी एक दुपार घालवली.
‘मागे सर’ की ‘मागे व्हा’?
बाबुसो कोणालाच अहो-जाहो करत नाही, कलेक्टरलाही.
‘सर’ ठेवलं.

मग दोन कंपन्यांचं लग्न लागलं.
कुठल्या देशात, कितव्या मजल्यावर, आम्हाला पत्रिका नव्हती.
मांडवी आणि जुवारी एकमेकींना भेटतात
कुंभारजुवेच्या कालव्यात. नकाशावर छान दिसतं.
मगरी नकाशावर नसतात.

लग्नानंतर घर आवरायला काढलं म्हणे.
सारख्याच कथेची दोन पिक्चरं निघाली, एक ठेवलं.
दोन ॲप होती, त्यांचं एक झालं,
हप्ता मात्र दोघांच्या बेरजेला जाऊन टेकला.
बाबुसोच्या मुलाने कुवेतहून बापासाठी भरलेलं वर्ष
मधेच कुठेतरी संपलं.
आणि आमचं पिक्चर,
रंग चढलेलं, आवाज बसवलेलं, पोस्टरसकट तयार,
तोट्याच्या खात्यात गेलं.
म्हणजे दाखवलं तर पैसे बुडतात, पुरलं तर वाचतात.
हे मी तीनदा वाचलं.
अर्थ कळला. मराठी सुचलं नाही.

मेल आलं: फाइल पुसावी, पुसल्याचं कळवावं,
याविषयी कोणाशी बोलू नये.
पुसली. कळवलं.
बिल मात्र वेळेवर चुकतं केलं त्यांनी, खोटं का बोला.

आता ते पिक्चर जगात साठ-सत्तर डोक्यांत असेल फार तर.
त्यांतलं एक डोकं रोज फेरीत चढतं,
भाजीची पिशवी आणि छत्री घेऊन.
शेवटी ती परत येते की नाही, मला ठाऊक आहे.
संध्याकाळच्या त्या उजेडात बाबुसो किती देखणा दिसतो
तेही मला ठाऊक आहे.
त्याला नाही. त्याच्या बायकोलाही नाही,
त्या आठवड्यात ती नार्व्याला, आईकडे होती.

सांगून टाकावं तर कलम नऊ.

परवा त्याने विचारलंच नाही.
मी उगाच रॅम्पजवळ उभी राहिले.
भरती होती, स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते.
तो माझ्याकडे न बघता म्हणाला, फाटीं सर,
आणि पुढचं म्हणाला नाही.
मी सरले नाही. चपलांत पाणी आलं.
बाबुसो, म्हटलं, ते येणार नाही.
तेवढ्यात इंजिन धडधडलं. त्याने कानामागे हात धरला:
कितें?

तीन सेकंद होते.
एका ओळीत बसलं असतं.