मुलास खेळावयास

पानाला साठ रुपये घेतो मी,
मोडीतून बाळबोधीत, खाली सही.
गांधीबागेच्या मागच्या जिन्याने येतात माणसं,
शेवटची पायरी तुटकी आहे
असं सांगूनही अडखळतात.
बहुतेकांना वाटणीपत्र हवं असतं,
एखादं खरेदीखत, विहिरीतला हिस्सा.

हेमराज बारापात्रे डबा घेऊन आले.
बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरची राणी गंजलेली.
"उमरेड रोडकडच्या जागेचं काही लिहून हाये का,
तेवढंच पाहा. बाकीचं राहू द्या."

बाकीचं म्हणजे तेवीस कार्डं.
राजाचं डोकं छापलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या.
पितळेचं एक बटण.
सामानाला बांधायची चिठ्ठी, दोरीसकट.
आणि तिकिटं, जाड पुठ्ठ्याची, अंगठ्यापेक्षा थोडी मोठी,
तिसरा वर्ग, नैनपूर ते इतवारी,
फाटकावर उतारूंनी देऊन टाकलेली.

डोमाजी कोष्ट्याचा मुलगा, माग सोडून गेलेला.
नैनपूरला सांधे बदलायचा, छोट्या गाडीचे.
त्याला लिहिता येत नव्हतं. कारकून लिहायचा.
इकडे इतवारीत वाचून दाखवायचा शेजारचा सोनार.
मधे दोन परकी माणसं,
आणि पत्र वडिलांना.

तीर्थरूप राजश्री वडिलांचे सेवेसी.
येथील क्षेम. तांदूळ महाग जाहला.
साहेबाने कंदील नवा दिला.
पुलाखाली वाघीण व्याली असे म्हणतात, आम्ही पाहिली नाही.
मुलास खेळावयास तिकीट पाठविले असे.
बहुत काय लिहिणे.

सगळ्या कार्डांवर शेवटून दुसरी ओळ तीच.
मुलास खेळावयास.

मी चष्मा पुसला. विचारलं,
घरात मूल कोणतं होतं तेव्हा?
हेमराज म्हणाले, "कोणतंच नाही.
आमचे आजोबा एकोणीसच्या उन्हाळ्यातले. एकुलते एक."
कार्डांवर तेरा, चौदा, सोळा.

मग मी तिकिटं उजेडात धरली.
काठाने भोकं. गार्डाच्या चिमट्याची नव्हेत,
बारीक, काट्याने पाडावीत तशी.
एकावर सात, एकावर एकोणीस.
आणि प्रत्येक भोकातून धागा,
रेशमी, लुगड्याच्या काठाचा उरलेला,
एक टाका पिवळा, एक तांबडा,
मागून गाठ मारलेली.

हा माझा अंदाज.
मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं,
शब्द कुठे संपला तेही ती सांगत नाही.
अंदाजावरच जगलो आहे मी चाळीस वर्षं.
तो यायला उरलेले दिवस टोचून धाडायचा.
ती रोज एक शिवायची.
तिचं नाव एकाही कार्डावर नाही.
"पुंजाबाई," हेमराज म्हणाले, "का पुनाबाई.
बाबा सांगत, पण मी ध्यान नाही देलं."

तेविसावं कार्ड वेगळ्या हातचं, घाईचं.
अठराचा कार्तिक.
आपले चिरंजीव मानमोडीने दोन दिसांत गेले.
पगाराचे साडेसात रुपये मनिऑर्डरीने येतील.
बटण सोबत.

जागेचं काही नव्हतं.
तसं मी सांगितलं, आणि तेरा ऐंशी झाले म्हटलं.
त्यांनी चौदाशे काढून दिले, वीस सुटे नव्हते माझ्याकडे.
"राहू द्या." त्यांनी झाकण दाबलं, ते बसेना,
पुन्हा दाबलं.

शेवटच्या तिकिटाचं मी बोललो नव्हतो,
विचारलं नव्हतं म्हणून. मग बोललो.
अकरा भोकं. चार टाके.
पाचव्यात नुसता ओवलेला धागा,
गाठ नाही.

ते "बरं" म्हणून उतरले.
तुटक्या पायरीवर आवाज झाला, डबा खडखडला.
थोड्या वेळाने पुन्हा वर आले, दारातच उभे राहून:
"टाके किती म्हणालात?"
चार.
"अन् भोकं?"
अकरा.

त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं,
मधेच चुकलं असावं,
पुन्हा करंगळीपासून सुरू केलं.